चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, असे आपण म्हणतो. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली तो बहुधा सरकारी नोकर असावा; निदान सरकारी नोकराचा शेजारी तरी खास असावा. बदलीचा हुकूम आला की ट्रंका भरावयाच्या, पितळी भांडी गोणपाटात शिवावयाची, मुलांचे शाळेचे दाखले काढावयाचे, तुळशीची कुंडी शेजाऱ्यांच्या स्वाधीन करावयाची आणि 'भेटूच पुन्हा' असे म्हणून गाडीत बसावयाचे, हा क्रम या मासिकाच्या बहुतेक वाचकांच्या अंगवळणी पडलेला आहे. ट्रंका नव्या गावी उघडतात, नवी तुळसही रुजते. परंतु 'भेटूच पुन्हा' हे जे वाक्य आपण मागे ठेवून येतो त्याचे पुढे काय होते, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी ती नोंद तपासावयाचे ठरविले. तेहतीस वर्षांच्या नोकरीत नऊ गावे झाली होती. पत्त्यांची जुनी वही काढली, तेव्हा काही नावे कायमची गळालेली दिसली, काही परदेशी मुलांकडे गेलेली होती आणि ज्यांच्याकडे जाता येईल अशांपैकी तिघे मध्य प्रदेशात होते. अडचण जाण्याची नव्हती, उतरण्याची होती. सत्तरीच्या घरात आलेल्या गृहस्थाकडे चार दिवस मुक्काम ठोकावयाचा, तर त्याच्या सुनेची नोकरी आणि त्याच्या पत्नीचे गुडघे यांचा विचार करावा लागतो. बरे, हॉटेलात उतरावे, तर स्नेही दुखावतात. शेवटी मुलाने तोड सुचविली आणि दिल्लीहून चालकासह एक कॅम्पर व्हॅन भाड्याने घेतली.

ही गाडी म्हणजे सरकारी क्वार्टरची लहान आवृत्तीच होती. दोन फळ्यांचे बिछाने, घडीचे मेज, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, छपरावर सूर्यप्रकाशावर चालणारी वीज आणि कोपऱ्यात एक न्हाणीघर. त्यात एका वेळी एकानेच उभे राहावे एवढीच जागा! रोज सकाळी पाणी कुठे भरावयाचे आणि सांडपाणी कुठे सोडावयाचे, हे दोनच प्रश्न संसाराचे म्हणून उरले. स्नेह्यांना आम्ही कळविले की अंगणात गाडी उभी करण्यापुरती जागा द्या, बाकी आमचे आम्ही पाहू. हे 'आमचे आम्ही पाहू' कोणीही मनावर घेतले नाही, हे सांगणे नलगे. पंधरा दिवसांत शेगडी पेटली ती केवळ वाटेतल्या चहापुरती.

पहिला मुक्काम ग्वाल्हेरला. आमचे हे स्नेही एकेकाळी कचेरीत आमच्या शेजारच्या मेजावर बसत. त्यांच्या घराण्याची सातवी पिढी तेथे नांदत आहे. ते राहतात त्या भागाचे नाव लष्कर. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी ठोकली, ती छावणी उठलीच नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, पेठा आल्या, देवळे आली आणि शहराला नाव तेवढे छावणीचे राहिले. याच शहरात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे ख्यालगायकीची तालीम घेतली आणि ती महाराष्ट्रात आणली. तेव्हा बाहेर गेलेला मराठी माणूस मूळ गावाचे नुसते घेतच राहतो असे नाही. कधीकधी तो परत पाठवितोही. आमच्या स्नेह्यांना मात्र या गोष्टीचे काही विशेष वाटले नाही. "पुण्याचे लोक आले म्हणजे आम्हाला विचारतात, तुम्ही मूळचे कुठले? आता सात पिढ्यांनंतर मूळ म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा," एवढेच ते हसत म्हणाले आणि पानात आणखी एक पुरणपोळी वाढवून मोकळे झाले.

झाशी, सागर या मार्गाने जबलपुरास पोहोचलो. तेथील भाऊसाहेब वनखात्यात होते. चार वर्षांपूर्वी वहिनी गेल्या आणि दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आल्यापासून ते घराच्या ओसरीपलीकडे गेले नव्हते. बसून प्रवास झेपत नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे. आमची गाडी फाटकाशी लागली तेव्हा ते खुर्चीत बसून होते. त्यांनी प्रथम आमच्याकडे नव्हे, गाडीकडे पाहिले. आत बिछाना आहे हे कळताच म्हणाले, "मग मला भेडाघाटला न्या."

मुलगा संकोचला. डॉक्टरांना दूरध्वनी झाला. आडवे पडून आणि सावकाश, या अटीवर परवानगी मिळाली. अंतर विसेक किलोमीटरचे; आम्हाला दीड तास लागला. धुवाँधारपाशी संगमरवराच्या मूर्ती विकणाऱ्यांच्या दुकानांच्या रांगा आहेत. तेथून पुढे गाडी जात नाही. खुर्चीत बसवून नेऊ, असे मुलगा म्हणाला. भाऊसाहेबांनी मान हलविली. त्यांनी फक्त गाडीचे दार उघडावयास लावले आणि यंत्र बंद करावयास सांगितले. नर्मदा तेथे कड्यावरून खाली कोसळते आणि पाण्याचा धूर होतो, म्हणून धबधब्याचे नाव धुवाँधार. धूर काही आम्हाला दिसला नाही. ती घनगंभीर घरघर तेवढी बाजाराच्या गलबल्यामागून येत होती. भाऊसाहेब डोळे मिटून ऐकत होते. दर संक्रांतीला वहिनी आणि ते येथे स्नानाला येत, हे आम्हाला ठाऊक होते. त्याविषयी ते काही बोलले नाहीत. निघू या का, असे मुलाने विचारले तेव्हा म्हणाले, "आणखी दहा मिनिटं. मग न्या."

त्या रात्री त्यांनी हट्टच धरला. आपण गाडीत झोपणार, आणि पाहुण्यांनी घरात! तरुणपणी जंगलात तंबू ठोकून ते दौरे करीत असत. कंदील, लोखंडी खाट आणि बाहेर पहारेकऱ्याची शेकोटी. "दौऱ्यावर आहे असं समजा," असे मुलाला त्यांनी बजावले. शेजारच्या फळीवर मुलगा निजला, अंगणात चालकाने शेकोटी केली, आणि आम्ही दोघे भाऊसाहेबांच्या खोलीत, वहिनींच्या तसबिरीसमोर, बराच वेळ जागे होतो. दुसऱ्यांना तोशीस नको म्हणून घर बरोबर घेऊन निघालो होतो. ते घर कोणाच्या उपयोगी पडावयाचे होते, हे तेथे कळले.

भेडाघाटचे संगमरवरी कडे आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे नावेतून पाहिले. दोन्ही बाजूंना पांढरेशुभ्र खडक, मध्येच काळपट हिरव्या शिरा, आणि तळ न दिसणारे स्थिर पाणी. नावाडी यमके जुळवीत वर्णन करीत होता. काठावरून झोळी आणि कमंडलू घेतलेले दोन परकम्मावासी चालले होते. नर्मदेची परिक्रमा करणारा तिला उजवीकडे ठेवतो, तिचे पात्र ओलांडीत नाही आणि वाटेतल्या गावांनी दिलेल्या सदावर्तावर राहतो. आमच्या गाडीत न्हाणीघर होते, त्यांच्या झोळीत ते नव्हते. परंतु दारी आलेल्याला शिधा देणारी गावे दोघांनाही लागतातच.

पचमढीला धूपगडावरून सूर्यास्त पाहिला. सातपुड्याचे हे सर्वोच्च शिखर. उंची सुमारे १३५० मीटर. तेथे मात्र आमच्यासारखे गाडीवाले पुष्कळ होते, म्हणून फार रेंगाळलो नाही.

भोपाळच्या स्नेह्यांचे वडील नागपूरच्या सचिवालयात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ ठरली आणि फायलींबरोबर माणसेही निघाली. आमचे स्नेही त्या वेळी सहा वर्षांचे होते. भोपाळात सगळे आयुष्य काढूनही भाषेतले नागपूर गेलेले नाही. गाडी लावून आम्ही सामान आवरीत होतो, तो दारातून हाक आली, "बाहेर काय करून राहिले तुम्ही? आत या न!"

त्यांनीच आम्हाला भीमबेटक्याला नेले. उज्जैनचे विष्णू श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली आगगाडीतून जाताना हे खडक पाहिले आणि तेथील चित्रे जगापुढे आणली. २००३ साली या स्थळाला जागतिक वारशाचा मान मिळाला. या टेकड्यांतल्या सातशेहून अधिक शैलाश्रयांत माणसाने हजारो वर्षे पावसा-उन्हापासून आसरा घेतला. भिंतींवर त्याने काढलेली हरणे, हत्ती, नाचणाऱ्या माणसांच्या ओळी आजही आहेत. नाचणाऱ्यांनी एकमेकांचे हात धरलेले आहेत.

शेवटचा टप्पा निमाडातला. महेश्वरला अहिल्याबाईंची साधी गादी पाहिली. चौंडीत जन्मलेल्या या बाईने १७९५ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत, कारभार केला तो नर्मदेच्या काठावरून. तेथून रावेरखेडीला गेलो. २८ एप्रिल १७४० रोजी थोरल्या बाजीरावांचा अंत येथे झाला, वाड्यात नव्हे, मोहिमेच्या मुक्कामावर, वयाच्या चाळिशीच्या आत. समाधीपाशी आमच्याखेरीज कोणी नव्हते. ज्याचे आयुष्य घोड्यावर आणि राहुटीत गेले, त्याला कोणाकडे निवांत बसावयास सवड किती मिळाली असेल, असा विचार मनात आला. त्याच्यापुढे साम्राज्याचा पसारा होता. आपल्यापुढे असतो तो बहुधा मार्च अखेरचा ताळेबंद.

येथे एक हिशेब मांडावासा वाटतो, तो अजून नोकरीत असलेल्या वाचकांसाठी. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठविता येते आणि निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे मिळतात. ही रक्कम उपयोगाची असते, यात शंका नाही. मुलीचे लग्न, घराचा हप्ता तिच्यातून निघतो. तरी तीनशेपैकी दहा दिवस वेगळे काढावेत. गाडी कोणतीही चालेल. भाऊसाहेबांना आम्ही निघताना या वेळी 'भेटूच पुन्हा' म्हटले नाही. संक्रांतीची तारीख सांगितली. त्यांनी ती मुलाकडून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून घेतली, आणि बिछाना खिडकीच्या बाजूचाच हवा, असे बजावले.