कणीची मूठ

न्हावा शेव्याचे बंदर 1989 मध्ये सुरू झाले आणि त्यामागोमाग माझ्या सासऱ्यांनी या भागात किराणा दुकान थाटले. बंदरासाठी आपली जुनी वस्ती सोडून आलेली आगरी-कोळी कुटुंबे आमचे शेजारी झाली. शेजारच्या काकूंच्या परसात पाच-सहा कोंबड्या आणि एक कोंबडा. आमचे त्यांचे खाणेपिणे निराळे, पण भिंत एकच. दुकानातील तांदूळ चाळून उरलेली कणी रोज सकाळी त्या कोंबड्यांना घालायची, हा सासूबाईंचा नेम. पुढे तो मी चालवला. जीवदयेच्या खात्यावर रोज एक मूठ जमा होते, असे मनाला समाधान वाटे.

गेल्या चातुर्मासातील एका सकाळी कणी टाकली, तेव्हा तांबडी कोंबडी पुढे आली नाही. खुराड्याच्या कोपऱ्यात ती पिसे फुलवून बसली होती. शेपटी खाली पडलेली, डोळे अर्धवट मिटलेले. मधूनमधून सारे अंग आवळून ती कुंथत होती.

“खुडूक झाली असेल,” मी म्हटले.

काकूंनी मान हलवली. “खुडूक कोंबडी हात लावला की चोच मारते, वहिनी. ही हलत पण नाय. अंडं अडलंय हिचं.”

‘अडलंय’ हा शब्द ऐकून मी थबकले. बाळंतिणीसाठी आपण वापरतो तोच हा शब्द.

रस्त्यावर ट्रेलरांची लांबच लांब रांग लागली होती. पशुवैद्यकांपर्यंत लगेच पोहोचणे शक्य नव्हते, म्हणून मी दूरध्वनी केला. त्यांनी शांतपणे सर्व समजावले. अडलेले अंडे वेळेत सुटले नाही, तर एक-दोन दिवसांत पक्ष्याचा जीव जाऊ शकतो. पोट दाबायचे नाही, अंडे ओढायचे नाही. ते आत फुटले तर कवचाच्या धारेने इजा होते. कोमट पाण्यात पोट बुडेल एवढे वीस-पंचवीस मिनिटे बसवा, कोरडे करा, मार्गाला बाहेरून तेल लावा, त्यांनी सांगितलेल्या मात्रेत द्रवरूप कॅल्शियम थेंबाथेंबाने चोचीत सोडा आणि अंधाऱ्या, उबदार जागी एकटे ठेवा. दुपारपर्यंत फरक पडला नाही, तर कसेही करून घेऊन या.

सासूबाई सामायिकाची तयारी करीत होत्या. मी विचारले, “आई, मी हात लावू का तिला?” त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. त्यांच्या मनातील प्रश्न मला ठाऊक होता, कारण तोच माझ्याही मनात होता. ज्या अंड्याचा आपल्या घरात स्पर्शही नाही, ते सुखरूप बाहेर यावे म्हणून आपण राबायचे आणि उद्या ते बाजारात जायचे. ही त्या व्यवहाराची अनुमोदना तर नव्हे? अखेर त्या म्हणाल्या, “अंड्यात जीव आहे की नाही, ते केवळी जाणे. कोंबडीत आहे, हे तर दिसतेच आहे. जा.”

काकूंनी घमेल्यात कोमट पाणी आणले. आयुष्यात प्रथमच मी कोंबडी हातात धरली. पिसांखाली ती इतकी हलकी आणि इतकी गरम असेल, याची कल्पना नव्हती. तिचे हृदय माझ्या तळहातावर धडधडत होते. सुरुवातीला तिने पंख झाडले. मग पाण्याची ऊब लागताच मान खाली टाकून स्वस्थ राहिली. औषधाच्या दुकानातून कॅल्शियम आणले, ते पाजले. जुन्या पंचाने तिला टिपून पोत्याने झाकलेल्या खोक्यात ठेवले.

वाट पाहताना पशुवैद्यकांचे एक वाक्य मनातून जाईना. त्यांनी विचारले होते, “खायला काय घालता?” मी अभिमानाने म्हटले, “रोज कणी.” ते म्हणाले, “आणि चुनखडी?” मी गप्प. अंड्याचे कवच जवळजवळ सगळे चुन्याचेच असते. एका कवचासाठी कोंबडीच्या शरीरातून सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जाते. अंडे तयार व्हायला सुमारे 25 तास लागतात, त्यांपैकी 20 तास कवचाचेच. अंडे बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियमच लागते. तांदळात ते नाममात्र. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. माणसाने जोपासलेल्या काही जाती तीनशेपर्यंत. एवढे देणे त्या जिवावर लादायचे आणि समोर टाकायची फक्त कणी! त्यात पोट कणीने भरले की कोंबड्या परसात चरायलाही फारशा फिरत नसत. व्यापाऱ्याच्या घरातली मी. देण्याघेण्याचा हा साधा मेळ कधी घातलाच नव्हता.

दीड तासाने खोक्यातून खुडबुड ऐकू आली. काकूंनी पोते उचलले. पातळ, खरबरीत कवचाचे एक वेडेवाकडे अंडे खाली पडले होते आणि तांबडी उभी राहून पाणी शोधत होती. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मी आत आले, तेव्हा सासूबाईंचे सामायिक कधीच संपले होते. पण आसन न सोडता त्या दाराकडेच पाहत होत्या. “सुटली का गं बाई?” त्यांनी विचारले.

दशवैकालिक सूत्राने दयेच्या आधी ज्ञान सांगितले आहे. व्याख्यानात हे अनेकदा ऐकले होते. उमगले ते खुराड्यापाशी. माझी मूठभर कणी खोटी नव्हती, पण ती माझ्या सोयीची होती. घरात जे उरत होते ते मी देत होते. समोरच्या जिवाला काय हवे, हे विचारले नव्हते. अनुमोदनेचा प्रश्न सुटला, असे मी म्हणणार नाही. मात्र वेदना समोर असताना तो प्रश्न पुढे करून दार लावून घेणे मला जमले नसते.

आता कणीसोबत काकूंच्या परसात एका वेगळ्या वाटीत चुनखडीची भरड असते. ज्या कोंबडीला हवी, ती येऊन टिपते. तांबडी सर्वांत आधी येते.