नियमाची दृष्टि

महाडास पूर येतो तो केवळ महाडच्या पावसाचा नसतो. सावित्री महाबळेश्वरीं उगम पावते, पोलादपुरावरून खालीं उतरते, आणि मग आमच्या गांवास पोंचते. वर काय झालें हें खालच्या माणसास दिसत नाहीं. ही गोष्ट आम्ही बाळपणापासून जाणतों; तरीहि तिचा विसर पडून परवां आमच्या हातून एक चूक झाली.

पर्जन्याची एक नोंदवही आम्हीं विद्यार्थ्यांसाठीं संगणकावर एक्सएमएल पद्धतीनें मांडली होती. या पद्धतींत पेटींत पेटी ठेवावी तशा नोंदी ठेवतात: जिल्ह्याच्या पेटींत तालुके, तालुक्याच्या पेटींत दिवस. पेट्या यथायोग्य भरल्या आहेत कीं नाहींत हें 'स्कीमा' नांवाची नियमावली तपासते. आणि २०१२ सालीं प्रमाण ठरलेल्या तिच्या १.१ आवृत्तींत 'असर्शन' म्हणून विधानरूप नियम घालण्याची सोय झाली. आम्हीं महाडच्या पेटीवर नियम लिहिला: पोलादपुरास २०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस नसावा, अथवा असल्यास येथें इशाऱ्याची नोंद असावी. मग परीक्षा पाहण्यासाठीं पोलादपुरास ३०० चा आंकडा घातला व इशारा गाळला. वही निर्दोष ठरली!

शोध घेतां उलगडा झाला. असा नियम ज्या पेटीवर लिहावा, तिच्या पोटांतलें तेवढेंच त्यास दिसतें. वरची पेटी व शेजारची पेटी त्याच्या लेखीं नाहींतच. त्यास पोलादपूर सांपडलें नाहीं. जें सांपडलेंच नाहीं तें २०० हून अधिक कोठून असणार? म्हणून नियम पाळला गेला असें त्यानें मानलें. तोच नियम जिल्ह्याच्या पेटीवर नेतांच दोन्ही तालुके दृष्टींत आले व चूक पकडली गेली. परंतु महाबळेश्वर पडलें सातारा जिल्ह्यांत. त्याची वही निराळी, आणि दुसरी वही उघडून पाहण्याची मुभा या नियमास मुळींच नाहीं. त्यासाठीं स्कीमाट्रॉनसारखें दुसरें साधनच हातीं घ्यावें लागतें.

जुलै २०२१ च्या पुरांत महाड शहर बुडालें, आणि २२ तारखेस याच तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून अनेक माणसें गेलीं. तेव्हांपासून पावसाचे आंकडे आम्हांस नुसते आंकडे वाटत नाहींत. म्हणून आतां 'निर्दोष' असा शेरा दिसला कीं आम्ही विद्यार्थ्यांस आधीं विचारतों, "हा नियम कोणत्या पेटीवर बसला आहे, आणि तेथून त्यास पोलादपूर दिसतें काय?"