ओल्या गवताचे यंत्र

गवत कापण्याचे यंत्र विकत घ्यायचे, एवढाच विषय खरेदी समितीपुढे होता. या समितीत मराठी विभागाचे आम्ही तिघेच कसे, हे महाविद्यालयीन कारभाराशी परिचित असलेल्या वाचकांना सांगायला नको. विज्ञान शाखेला प्रात्यक्षिके असतात, वाणिज्य शाखेला हिशेब असतात आणि भाषेच्या माणसांना वेळच वेळ असतो, हा समज सर्वमान्य आहे.

आमचे महाविद्यालय रत्नागिरी जिल्ह्यातील एका सड्यावर वसलेले आहे. खाली जांभ्याचा कातळ, वर कुठे वीतभर तर कुठे हातभर माती, आणि वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस. मे महिन्यात जिथे हिरवी काडी दिसत नाही, तिथे जुलैअखेर गुडघ्याच्या वर गवत उभे असते. १५ ऑगस्टच्या ध्वजवंदनाआधी ते काढावे लागते, म्हणजे भर पावसातच काढावे लागते. आश्विनातल्या उन्हाची वाट पाहावी तर गवत बी धरते, आणि पुढे वाळले की वणव्याची धास्ती.

दरपत्रकांसोबत आलेली माहितीपत्रके आम्ही सवयीने संहितेसारखी वाचली. ‘दणकट’ आणि ‘व्यावसायिक’ ही विशेषणे पहिल्या पानावर ठळक होती. शेवटच्या पानावर बारीक टायपात बहुतेकांनी एकच सूचना केली होती, की ओले गवत कापणे टाळावे. कोकणात पावसाळ्यात हे यंत्र विकणे म्हणजे पाण्यात न उतरण्याच्या अटीवर होडी विकण्यासारखे होते. पण या तळटिपेमागे एक जुना इतिहास आहे. इंग्लंडमधील स्ट्राउड येथील एडविन बडिंग यांनी १८३० साली गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरची लव कातरणारे गिरणीतले यंत्र पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. तोवर तिथल्या बड्या घरांपुढची हिरवळ लांब दांड्याच्या विळ्याने कापली जाई, आणि कापणारे मजूर दव असतानाच कामाला लागत. कारण ओली पात पात्यासमोर ताठ उभी राहते, कोरडी लवून निसटते. विळ्याला जे ओलेपण हवेसे होते, तेच यंत्राला नकोसे झाले. कष्टकऱ्याची पहाट सुटली आणि मालकाची दुपार सोयीची झाली, असाही याचा एक अर्थ लावता येईल. पण अर्थ लावण्याची आमची खोड इथे आवरती घेतो.

यंत्राला ओलेपण का नको, हे समजून घेणे मात्र अगत्याचे होते. आडवे फिरणारे पाते मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे घेते आणि आपल्याच वाऱ्याने गवत उभे करून छाटते व बाहेर फेकते. ओले गवत जड असते. ते वाऱ्याला दाद देत नाही. पात्यावरच्या कवचाला आतून त्याचा थर बसतो, बाहेर पडायची वाट बुजते, इंजिन कण्हू लागते आणि शेवटी बंद पडते. मग माणूस आत हात घालतो. अपघात होतात ते अशा वेळी, प्लगची वायर न काढता हात घातला तर. म्हणून कवच खोल हवे, गवत बाजूने बाहेर टाकणारे तोंड रुंद हवे. गवताचा भुगा करून तिथेच जिरवणारी यंत्रे पावसात कुचकामी. पत्र्याचे कवच आमच्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजते; ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे गंजत नाही, मात्र दगडावर आपटले तर तडकू शकते. विजेच्या तारेवरचे यंत्र पावसात विचारातच घ्यायचे नाही. राहिले पेट्रोल. २०२५ साली त्यातल्या इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले, आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते; म्हणजे काम संपले की टाकी रिकामी करून ठेवणे आले.

हा सगळा अभ्यास आम्ही मैदान सांभाळणाऱ्या काकांपुढे मांडला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, “वजन किती म्हणायचं, सर? चढावर मलाच ओढायचंय ते.”

वजन पंचेचाळीस किलो होते. चार माहितीपत्रके वाचूनही तो रकाना आम्ही कोष्टकात घेतलेला नव्हता. तो त्या दिवशी सर्वांत वर आला. यंत्राला दोन वर्षांची हमी होती आणि काकांच्या नेमणुकीला अकरा महिन्यांची. टिकाऊपणा कोणाच्या अंगाने मोजायचा, हा प्रश्न दरपत्रकांच्या तुलनात्मक तक्त्यात बसत नाही. मागच्या चाकांना गती देणारे, खाचांच्या टायरचे, स्वतः चालणारे यंत्र घ्यावे, असे आम्ही लिहिले. ते सात हजारांनी महाग होते.

काकांची दुसरी अट अशी, की आधी गवतातून काठी फिरवायची, मगच यंत्र. सड्यावर फुरशी असतात. इंग्रजीचे सहकारी जवळच बसले होते. त्यांना फिलिप लार्किन यांची ‘द मोवर’ ही १९७९ सालची कविता आठवली. तिच्यात उंच गवतातला एक हेजहॉग यंत्राच्या पात्यांत सापडून मरतो. काकांना कवितेचा सारांश सांगितला तेव्हा ते म्हणाले, “काठी फिरवली नसणार त्यांनी.”

दरवर्षी खालच्या वाडीतल्या बाया येऊन हे गवत विळ्याने कापत आणि भारे बांधून गुरांसाठी नेत. महाविद्यालयाचा खर्च शून्य, त्यांचा चारा फुकट. यंत्र येणार हे कळल्यावर त्यांच्यापैकी एकीने आमच्यातल्या मॅडमना गाठले. “यंत्राचं गवत गुरं तोंडाला लावत नाहीत, बाई. आणि त्याची पेंढी कशी बांधू?” हे खरेच आहे. फिरत्या पात्याखालून ओले गवत चिंधड्या होऊन पडते, ढिगात लगेच तापते आणि कुजते. कात्रीसारखी दातेरी पट्टी चालवणारी यंत्रे गवत अखंड आडवे पाडतात आणि ओल्यातही फारशी अडत नाहीत. पण आमच्या सड्यावर त्यांचे दाते मोडायला जांभ्याचा एक उंचवटा पुरेसा आहे.

तेव्हा आम्ही जागेचे दोन भाग केले. ध्वजस्तंभासमोरचे भराव घातलेले अर्धा एकर अंगण यंत्राचे. तिथे पहिल्या पावसापासून दर आठवड्याला, उघडीप मिळेल तेव्हा, गवताचा वरचा तिसरा हिस्सा तेवढा कापायचा, म्हणजे ओले असले तरी ते यंत्राला झेपते. उरलेला सडा विळ्यांचा. प्राचार्यांनी टिपणीवर शेरा मारला: ‘यंत्र घेऊनही मनुष्यबळ कशासाठी?’ आम्ही उत्तरादाखल दीड पान लिहिले. त्यातला जांभ्याचा परिच्छेद मान्य झाला. गुरांचा परिच्छेद खोडला गेला, पण बायांना फाटकातून आत घ्यावे, एवढे वाक्य राहिले.

यंत्र जूनमध्ये आले. काम झाले की काका प्लगची वायर काढतात, हवेची जाळी वर राहील अशा बेताने ते कलते करतात आणि कवचातले गवत लाकडी कालथ्याने खरवडतात. लोखंडी खुरप्याला ते हात लावू देत नाहीत.