चावी कुलपातच असते

गाडीची चावी हरवली की माणूस आधी खिसे चाचपतो, मग आल्या वाटेने शोधत जातो, आणि शेवटी कुणीतरी त्याला सांगतं, "लॉक तोड, नवीन टाक." हा सल्ला मला ऐकवत नाही. धडधाकट कुलूप तोडायचं कशाला? हरवलेली असते ती धातूची पट्टी. तिच्यावरच्या खाचांचा हिशेब कुलपाच्या पोटात शाबूत असतो, तो वाचता यायला हवा.

मोटरसायकलच्या इग्निशनमध्ये चावी जाते ती फिरती नळी असते आणि त्या नळीत स्प्रिंगवर बसवलेल्या पातळ पत्त्या असतात. खरी चावी आत गेली की सगळ्या पत्त्या नळीच्या कडेशी सपाट होतात आणि नळी फिरते. एक जरी बाहेर राहिली तरी अडलं. मी कोरी चावी, म्हणजे ब्लँक, आत घालतो, हलका पीळ देतो आणि वरखाली हलवतो. अडलेली पत्ती ब्लँकच्या कडेवर ठसा सोडते. ठसा तरी केवढा? सुईच्या टोकाएवढी चमक. तो दिसावा म्हणून कड आधी बारीक कानशीने गुळगुळीत करायची आणि चावी उन्हाकडे तिरपी धरायची. ठसा असेल तिथेच कानशीचे दोन-तीन हात मारायचे, मग पुन्हा घालायची, पुन्हा बघायची. ठसा उमटायचा थांबला की ती पत्ती जागेवर आली, तिथे आता हात लावायचा नाही. माझे उस्ताद शिकलगार शीख, हत्यारं घासून लखलखीत करणाऱ्यांच्या घराण्यातले. ते म्हणायचे, नजर पुढे, कानस मागे. जोर केलात तर मऊ पितळ आतच तुटतं, आणि मग तो तुकडा काढत बसा.

पावसाळ्यात सिंहगडाखालून, आतकरवाडीतून हमखास फोन येतो. चावी गडाच्या वाटेवर कुठेतरी पडलेली आणि हँडल लॉक केलेलं. "काका, वायर जोडून चालू करा ना, घरी जाऊन बघतो!" अरे बाळा, वायर जोडून इंजिन चालू होईल, हँडल कसं सुटणार?

पण कुलपाला हात लावण्याआधी आरसी. मोबाइलवर असली तरी चालते, पण चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी जुळवल्याशिवाय मी पेटी उघडत नाही. भिजलेला, दमलेला माणूस चिडतो, चिडू दे. जो हात चावीशिवाय कुलूप वाचू शकतो, त्याने कोणाच्या गाडीला हात लावायचा हे आधी ठरवलेलं असलंच पाहिजे.

स्मार्ट की असलेल्या गाड्यांचं काम वेगळं. २०२३ मध्ये अॅक्टिव्हालाही ती आली. तिथे माझी कानस उपयोगाची नाही, सरळ कंपनीच्या वर्कशॉपला पाठवतो.

नव्या गाडीच्या चाव्यांबरोबर बऱ्याचदा नंबर कोरलेली छोटी पट्टी मिळते. लोक ती फेकून देतात, फार वाईट वाटतं. नंबर असला की चावी मागवता येते. गाडी चोरीला गेली तर विमावाले दोन्ही चाव्या मागतात, म्हणून दुसरीही सांभाळा. आणि डुप्लिकेट काढायची तर त्या न वापरलेल्या चावीवरून काढा. रोजची चावी झिजलेली असते. तिच्यावरून काढलेली नक्कल ती झीज घेऊनच जन्माला येते, आणि वर्षभरात कुलपात अडकायला लागते.