खेळाच्या पोटात

झाशी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे राणी लक्ष्मीबाईंचा किल्ला उभा राहतो. त्याच झाशी जिल्ह्यात, शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, कानपूरच्या वाटेवर मोठ नावाचे तहसिलीचे गाव आहे. लखनऊहून निघालेला जुना महामार्ग मोठवरून झाशीला येतो आणि तेथून आणखी सुमारे शंभर किलोमीटर जाऊन मध्य प्रदेशातील शिवपुरीला पोहोचतो. मुले संगणक कसा शिकतात, या प्रश्नाशी या शिवपुरीचा जुना संबंध आहे.

इ. स. १९९९ मध्ये सुगत मित्र या शास्त्रज्ञांनी दिल्लीतील कालकाजी भागात एका झोपडवस्तीला लागून असलेल्या भिंतीत संगणक बसवला. शिकवायला कोणी नव्हते. पुढच्याच वर्षी शिवपुरीतही असाच प्रयोग झाला. मुले जमली आणि एकमेकांना दाखवत शिकत गेली. ‘कर्सर’ हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. पडद्यावरच्या बाणाला ती ‘सुई’ म्हणू लागली, तर काम चालू असल्याचे सांगणाऱ्या वाळूच्या घड्याळाला त्यांनी ‘डमरू’ असे नाव दिले. ज्याला डमरू पाहून ठाऊक आहे, त्याला याहून चपखल नाव सुचणार नाही. मुले चित्रे काढीत, खेळ खेळत. परंतु सुई फिरवता येणे निराळे, आणि सुईने कोठे जावे हे कोणत्या आज्ञेने ठरते ते कळणे निराळे. भिंतीतल्या संगणकाने पहिली गोष्ट दिली. दुसरीसाठी खेळ उघडून त्याच्या पोटात पाहावे लागते.

आज मोठसारख्या गावातही संगणक भिंतीत शोधावा लागत नाही. तो मोबाईलच्या रूपाने घरात आला आहे. मुले त्यावर तासन् तास खेळतात आणि वडीलधारी माणसे रागावतात. त्यांचा राग अगदीच अस्थानी नाही. मात्र मूल खेळते यापेक्षा ते नुसतेच खेळते, ही खरी उणीव आहे. विकत घेतलेला किंवा फुकट मिळालेला बहुतेक खेळ कुलूपबंद पेटीसारखा असतो. तयार खेळ उघडून त्यात आपल्या मनासारखा फेरबदल करण्याला ‘मॉडिंग’ म्हणतात, आणि आज्ञावली शिकण्याची याइतकी सोपी वाट क्वचितच सापडेल. कोऱ्या पडद्यासमोर बसवलेले मूल गोंधळते. चालू खेळ समोर ठेवला आणि ‘यातले काय बदलायचे?’ असे विचारले, तर त्याला उत्तरासाठी थांबावे लागत नाही.

समजा, बारा वर्षांची एक मुलगी अशा एका साध्या खेळापुढे बसली आहे. वरून चेंडू येतो आणि खालच्या फळीने तो परतवायचा असतो. आज्ञावलीत एके ठिकाणी ‘वेग = ५’ असे लिहिलेले तिला दिसते. ती पाचाच्या जागी पन्नास लिहिते. चेंडू विजेसारखा धावतो आणि फळीला न लागता आरपार निघून जातो! खेळ बिघडला, असे तिला वाटते. वास्तविक बिघडलेले काहीच नसते. पडद्यावरचा चेंडू नदीसारखा अखंड वाहत नाही. तो उड्या मारीत जातो. ‘चेंडू फळीला टेकला का?’ हा प्रश्न संगणक प्रत्येक उडीनंतर एकदाच विचारतो. फळीची जाडी दहा बिंदू आणि उडी पन्नास बिंदूंची असेल, तर चेंडू एका क्षणी फळीच्या वर असतो व पुढच्या क्षणी खाली. मधल्या वेळी विचारणारे कोणी नसते.

येथे खरे शिक्षण सुरू होते. वेग कमी करणे हा एक उपाय झाला. परंतु तिला तर वेगच हवा आहे. मग प्रश्न बदलावा लागतो: ‘चेंडू मघाशी फळीच्या वर होता, आता खाली आहे आणि फळी त्याच्या वाटेत होती, असे असेल तर तो परत पाठव.’ या एका वाक्यात मागची जागा लक्षात ठेवणारा ‘चल’ आहे, ‘जर–तर’ची अट आहे आणि दोन-तीन अटी जोडणारा ‘आणि’ आहे. फळ्यावर व्याख्या लिहून हेच शिकवायचे तर आठवडा लागेल, आणि तरीही ते कशासाठी शिकायचे हे मुलीला कळणार नाही. पुढे ती खेळाडूचे तीन जीव वाढवून तीनशे करील. दोन दिवसांत खेळ कंटाळवाणा होईल आणि तीन हा आकडा मूळ रचनाकाराने का निवडला, हा विचार तिच्या मनात येईल.

चूक ही लाज वाटण्याची गोष्ट नसून शोधून दुरुस्त करण्याची गोष्ट आहे, हा विचार सीमोर पेपर्ट यांनी आग्रहाने मांडला. मुलांसाठी १९६७ मध्ये तयार झालेल्या ‘लोगो’ या संगणकभाषेच्या निर्मात्यांपैकी ते एक. त्यांच्या विचारांचा धागा २००७ मध्ये महाराष्ट्रातही पोहोचला. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात या छोट्या गावातील एकशिक्षकी शाळेत मुलांना हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप मिळाले. त्यापूर्वी एकच वर्ष, २००६ मध्ये, केंद्र सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने या योजनेला नकार दिला होता. या लॅपटॉपच्या कळफलकावर एक कळ खास होती. समोरचा कार्यक्रम कोणत्या आज्ञांनी चालतो, हे दाखवण्यासाठी ती ठेवलेली होती. सुरुवातीला ती थोड्याच ठिकाणी काम करी; पण पाहण्याची परवानगी मुलाला आधीच दिलेली आहे, ही त्यामागची कल्पना मोलाची होती. तो उपक्रम देशभर पसरला नाही आणि तशी कळ आजच्या मोबाईलवरही नाही.

खेळ बनवणाऱ्यांनीच दार उघडे ठेवल्याची उदाहरणे मात्र आहेत. १९९३ मध्ये निघालेल्या ‘डूम’ या खेळाच्या निर्मात्यांनी त्यातील नकाशे, चित्रे व आवाज मुख्य आज्ञावलीपासून वेगळ्या फायलीत ठेवले. खेळणारे त्यात बदल करू लागले, तेव्हा त्यांनी ते अडवले नाही. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा जगप्रसिद्ध खेळही १९९९ मध्ये दोन तरुणांनी दुसऱ्या एका खेळात केलेला फेरबदल म्हणूनच सुरू झाला. (हे दोन्ही खेळ गोळीबाराचे, मुलांना तेच द्यावेत असे नाही.) ठोकळे रचून जग उभारण्याचा ‘लुआंटी’ हा खेळ २०२४ पर्यंत ‘माइनटेस्ट’ या नावाने ओळखला जाई. तो विनामूल्य आहे, जुन्या संगणकावरही चालतो आणि त्यातील नवे ठोकळे ‘लुआ’ या सोप्या संगणकभाषेत मुलांना लिहिता येतात. आंतरजालावर इतरांशी खेळताना चोरून फायदा घेण्यासाठी केलेला बदल मात्र मॉडिंग नव्हे. ती लबाडीच होय. हा फरक मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलेला बरा.

शिकवणाऱ्यासाठी सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे हात मागे ठेवणे. चेंडू फळीतून आरपार गेला की मोठ्या माणसाला उत्तर सांगण्याची घाई होते. त्याऐवजी त्याने कागद-पेन्सिल पुढे करावी आणि चेंडूची प्रत्येक उडी ठिपक्याने दाखवायला सांगावी. मुलगी फळीची रेघ ओढते. पहिला ठिपका रेघेच्या वर पडतो, दुसरा खाली. ती थोडा वेळ कागदाकडे पाहत राहते, मग पेन्सिल बाजूला ठेवून पुन्हा कळफलकाकडे वळते.