बर्फाविना येणारं रक्त

लस म्हटली की बर्फ, हे सातपुड्यात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. त्यामुळे नंदुरबारच्या प्रयोगशाळेत नव्यानं रुजू झाले आणि मॅडम म्हणाल्या, "सीडी४ ची ट्यूब फ्रिजमध्ये नाही ठेवायची, बर्फावर तर मुळीच नाही," तेव्हा मला काही कळेना.

"मग नासणार नाही का?"

"गारठ्यानंच नासेल. पेशी जिवंत आहेत त्यात."

१८ ते २५ अंश, बस्स. आता मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या आमच्या गावात हे सांभाळायचं कसं? डोंगरातल्या धडगावहून चांदसैली घाट उतरून रक्ताच्या ट्यूबचा डबा येतो. तो तापायलाही नको, गारठायलाही नको.

एचआयव्ही याच सीडी४ पेशींवर घाला घालतो. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. २०१७ पासून आपल्याकडे एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरू करायला या आकड्याची वाट पाहत नाहीत. पण तो २०० च्या खाली गेला, तर क्षय, मेंदूज्वर यांची तपासणी लगेच करावी लागते. म्हणून १८० आणि २२० मधला फरक मला झोपू देत नाही.

फ्लो सायटोमीटर पाहून तर मी पुरती गोंधळले. पेशींना चमकणाऱ्या अँटिबॉडी चिकटवायच्या, मग लेझरसमोरून एकेक पेशी जाते आणि पडद्यावर ठिपका उमटतो. ताज्या रक्तात ठिपक्यांचे पुंजके सुटे सुटे दिसतात. शिळ्या रक्तात ग्रॅन्युलोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी मरायला लागतात, त्यांचे तुकडे होतात, आणि पुंजके एकमेकांत घुसतात. गेट, म्हणजे मोजायच्या पुंजक्याभोवतीची रेघ, कुठे आखायची? मी नुसती बघत राहायचे.

त्यात मणी! मोजायच्या पेशी, आणि मॅडम मण्यांबद्दल बोलत होत्या. हळूहळू उमगलं. मोजणीच्या ट्यूबमध्ये किती मणी आहेत हे आधीच ठाऊक असतं. अमुक मण्यांमागे तमुक पेशी दिसल्या की आकडा निघतो. मात्र रक्त नेमकं ५० मायक्रोलिटरच पडलं पाहिजे, आणि त्याआधी रक्ताची ट्यूब हलक्या हातानं उलटीपालटी केलेली हवी, कारण उभ्या ट्यूबमध्ये पेशी तळाला बसतात. लेझरपेक्षा पिपेट धरणाऱ्या हाताचीच मला जास्त धास्ती वाटते.

रक्त काढल्यापासून ४८ तासांत अँटिबॉडी घालायची, हा आमच्या मशीनचा नियम. शुक्रवारी दुपारी डोंगरात काढलेलं रक्त सोमवारी आलं तर ते परत. म्हणजे त्या माणसानं पुन्हा मजुरी बुडवायची, पुन्हा जीपची वाट पाहायची. मला हे फार लागतं. तरीही चुकीचा आकडा देण्यापेक्षा ते बरं, यात मला शंका नाही.

दक्षिण आफ्रिकेत डेबी ग्लेनक्रॉस यांनी यावर वाट काढली, हे वाचून धीर आला. सीडी४ ज्यांत मोडतात त्या लिम्फोसाइट पेशी वेगळ्या करत न बसता सीडी४५ या खुणेवरून सगळ्या पांढऱ्या पेशी पकडायच्या आणि त्यांत सीडी४ किती हे पाहायचं. काही दिवसांच्या रक्तातही हा हिशेब टिकतो. पेशी स्थिर ठेवणाऱ्या ट्यूबाही मिळतात, त्यांत नमुना आठवडाभर चालतो. पण प्रत्येक मशीनला ते रक्त मानवत नाही, आधी ताज्या रक्ताशी ताडून पाहावं लागतं.

धडगाव, मोलगी, तोरणमाळसाठी ते ताडून पाहणं व्हायलाच हवं. तोवर रक्त सोमवार ते गुरुवारच काढावं, आणि ट्यूबवर नावाच्या आधी वेळ लिहावी, एवढं मी डबा आणणाऱ्या दादांना सांगत असते.