काठाचा हक्क

सुरतेच्या दक्षिणेस पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत, तिच्या रंगाई-छपाईच्या गिरण्या आणि त्यांना लगटून उभी राहिलेली कामगारांची दाट वस्ती, या सर्वांच्या आधीपासून या सखल प्रदेशात भेदवाड, कांकरा, मिठी अशा नावांच्या खाड्या पावसाचे पाणी वाहून नेत मिंढोळा नदीची वाट धरीत आल्या आहेत. शहर वाढले, तसतसा मोजणीच्या नकाशात जमिनीचा प्रत्येक तुकडा कोणाच्या ना कोणाच्या मालकीचा ठरला. पाण्याच्या वहिवाटीची मात्र कोणत्याही दप्तरात आदराने नोंद झाली नाही, आणि ज्या ओढ्याने शहराचे रक्षण करावयाचे त्याच्या पदरी सांडपाणी व गाळ येऊन पडला.

या काठावर वसलेली माणसेही पाण्याच्याच वाटेने आली आहेत. मुलताईस उगम पावलेली तापी खानदेश ओलांडून सुरतेस येते. तिच्या खोऱ्यातून जाणाऱ्या लोहमार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबारकडची कुटुंबे उधन्यास उतरली आणि पांडेसरा, लिंबायत, डिंडोलीच्या गल्ल्यांतून अहिराणी बोलू लागली. परवडेल अशी जागा सखल काठावरच मिळाली, म्हणून खाडीस पूर आला की पहिले पाणी त्यांच्याच उंबऱ्यात शिरते.

आज कांकरा खाडीच्या अलथाणकडील काठावर महानगरपालिकेने वृक्षराजी वाढवून जैवविविधता उद्यान आकारास आणले आहे, ही खरोखर आनंदाची गोष्ट आहे. कारण ज्या प्रवाहाकडे नव्या इमारतींनी पाठ फिरविली होती, त्याच्याकडे नागरिक पुन्हा तोंड करून चालू लागले आहेत. परंतु खाडीचे पुनरुज्जीवन केवळ काठाच्या शोभेने सिद्ध होत नाही; वरच्या अंगाने तिच्यात काय सोडले जाते, यावर ते अवलंबून असते. म्हणूनच 2014 मध्ये बमरोलीस सुरू झालेला, शहराचे सांडपाणी पुन्हा शुद्ध करून पांडेसऱ्याच्या गिरण्यांस पुरविणारा, दिवसाला 4 कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प मला या उद्यानाइतकाच मोलाचा वाटतो: तेथे रम्य असे काही दिसत नाही, पण वापरलेले पाणी टाकून न देता पुन्हा कामास लावण्याची जबाबदारी नगराने तेथे पत्करली आहे.

आणखी एक कसोटी शिल्लक राहते. निर्मळ पाण्याच्या काठाला किंमत येते, आणि किंमत आली की दुर्बलांचा कब्जा प्रथम डळमळतो. ज्यांनी दुर्गंधी सोसली, पुराचा चिखल उपसला, त्यांना त्याच परिसरात पक्के घर आणि उद्यानात निर्वेध प्रवेश मिळाला, तरच या उद्धारास न्यायाचे अधिष्ठान लाभेल. अन्यथा एका वंचिताची दाद लावताना दुसऱ्यास बेदखल केल्यासारखे होईल. पाण्यास वाट देणे आणि माणसास ठाव देणे ही दोन्ही एकाच नगरधर्माची कर्तव्ये आहेत, आणि सरकारी खर्चाच्या तरतुदीत ती दोन्ही एकत्रच मांडली गेली पाहिजेत.